रजेवर की कायमचा

भोवऱ्याला निवांत बसलेला पाहिला, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. चहाच्या दुकानात तो उभ्यानं चहा पिई. न्हाव्याकडे दाढी करून घेताना त्याचा एक पाय खुर्चीखाली हलत राही, आणि न्हावी म्हणे, "काका, वस्तरा माझ्या हातात आहे, एवढं तरी ध्यानात ठेवा." घरातल्या घरात तो खिडकीपासून दारापर्यंत जाई, दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून परत खिडकीपर्यंत. एवढी अडचणीची खोली, पण वळताना त्याचा खांदा कधी भिंतीला लागला नाही, की गुडघा टेबलाला. कमी जागेत वळणं त्याच्या अंगात मुरलं होतं. भोवरा हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला सांगता येणार नाही. पण ते असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता 'भोवराकाका' अशी हाक मारी.

तो खलाशी होता. डेकवरचा माणूस. दोर ओढणारा, दोर बांधणारा, गंज खरवडून रंग लावणारा, आणि पहाऱ्याची पाळी आली की जहाजाच्या नाकाशी उभा राहून पुढचं पाणी वाचणारा. मिसरूड फुटायच्या वयात चढला तो पन्नाशी ओलांडल्यावर उतरला. मधली सगळी वर्षं पायांखाली काहीतरी हलत होतं. ते हलणं थांबलं आणि पाय हलायला लागले, इतकी साधी गोष्ट आहे ही.

त्याची बायको शर्टाच्या कॉलरी शिवायची. कापडाच्या दुकानदाराकडून गठ्ठा यायचा, शिवून परत जायचा. मशीन खिडकीपाशी होतं, त्यामुळे भोवऱ्याची प्रत्येक फेरी तिच्या उजेडातून जाई.

"अहो, सावली."

"सरकलो."

"सरकलात म्हणजे दुसरीकडनं आलात. एक तर इकडे थांबा, नाहीतर तिकडे थांबा."

एकाच कामासाठी तो थांबायचा. तिला सुईत दोरा ओवायला दिसेनासं झालं होतं. ती नुसती सुई वर धरी, आणि फेरीवरचा हा गृहस्थ थांबून, दोर ओढून ओढून राठ झालेल्या बोटांनी पहिल्याच झटक्यात दोरा ओवून देई. तेवढा वेळ तो खिळ्यासारखा उभा असे.

एके दिवशी दुकानदारानं अख्खा गठ्ठा परत पाठवला. कॉलरींचा उलटा भाग वर आला होता. तिनं कात्री घेतली. गठ्ठा मांडीवर घेऊन उसवत बसली. अर्ध्याहून जास्त उसवून झाल्यावर म्हणाली, "आता तुमची पेन्शन आणा."

"आणू की."

"आणू की नाही. उद्या जा. भंडाऱ्याच्या बायकोनं सांगितलंय, तुम्ही असेपर्यंत पूर्ण, तुमच्यामागे निम्मी मला. मी डोळ्यांवर किती दिवस काढू?"

जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा भंडारी भोवऱ्याबरोबर बऱ्याच जहाजांवर होता आणि त्याची पेन्शन केव्हाच सुरू झाली होती. नोकरीची वर्षं भोवऱ्याचीच जास्त. तेव्हा काळजीचं काही कारण नव्हतं, असं दोघांनाही वाटत होतं.

खलाशांच्या कचेरीत लाकडी बाक होता. भोवरा अर्थातच बसला नाही. कारकूनबाईंनी त्याचं नाव काढलं, वाचलं, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सेवा भरपूर आहे तुमची. हवी त्याच्यापेक्षा जास्तच आहे."

"मग झालं."

"नाही झालं. काका, तुम्ही निवृत्तच झाला नाहीत."

"म्हणजे? इतकी वर्षं मी घरात काय करतोय?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आलं होतं. "कागदावर तुम्ही रजेवर उतरलात. रजा संपल्यावर तुम्हाला तीन बोलावणी गेली. तुम्ही गेला नाहीत, काही कळवलंही नाहीत. नियम असा आहे, की साठीचं वय भरून उतरलेला, डॉक्टरनं नापास केलेला, नाहीतर उतरताना स्वतःच्या तोंडानं 'मी कायमचा उतरतोय' असं सांगणारा, या तिघांनाच पेन्शन. बोलावूनही न येणारा म्हणजे धंदा सोडून गेलेला. त्याची मागची सेवा धरत नाहीत."

"सगळी?"

"सगळी."

भोवरा बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"तेव्हा आजारी होता का तुम्ही?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता जरा खाली आला होता. "काही दुखत-खुपत होतं?"

"ठणठणीत होतो," भोवरा म्हणाला.

"मग रजेवर असं का सांगितलंत?"

याचं उत्तर त्या कचेरीतल्या माणसाला देता येण्यासारखं नव्हतं. जहाजावर वावरलेल्यालाच ते कळतं. जहाज सोडताना कोणी 'शेवटचं' म्हणत नाही. ज्यानं पाण्यावर एवढी वर्षं आपल्याला सांभाळून नेलं त्याच्या तोंडावर 'आता तुझं काम नाही' असं कोण सांगेल? आणि कोणी चुकून बोललाच, तर ऐकणारे सगळे जवळच्या लोखंडाला हात लावतात. म्हणून सगळे 'रजेवर' असंच सांगतात. ज्यानं दुकान घेतलंय तोही, ज्याचं लग्न ठरलंय तोही. एवढंच नाही. प्रत्येकजण आपला चहाचा पेला झोपायच्या बंकाशेजारच्या हुकाला टांगून ठेवून उतरतो. पेला तिथे आहे म्हणजे माणूस यायचा आहे, असं जहाजाला वाटत राहावं. भोवऱ्यानंही तसंच केलं होतं. मेटनं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं, विचारलं, "रजेवर की कायमचा?" आणि जीभ आपोआप म्हणाली, "रजेवर." मनात मात्र पक्कं होतं, की आता पुरे. बायकोनं आयुष्य खिडकीत काढलं.

मग बोलावणी आली. त्यांना 'येत नाही' असं कळवणं म्हणजे तोच शब्द लिहून पाठवणं. त्यानं पहिलं पाकीट फळीवर ठेवलं, म्हणाला, उद्या कळवतो. दुसरं त्यावर ठेवलं. तिसरं आलं तेव्हा बायकोनंच घेतलं आणि त्या दोन्हींवर ठेवलं. तिनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो कदाचित निघाला असता. दोघांनी मिळून ती गोष्ट फळीवर ठेवली आणि फळीखाली संसार चालू राहिला.

भंडाऱ्याला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, 'कायमचा' म्हणायला काय जीभ झडत होती?"

"तू म्हणालास?"

"मला कुठे म्हणावं लागलं! मला डॉक्टरनं काढलं. उकळत्या पाण्याचं पातेलं पायावर घेतलं म्हणून वाचलो." भंडाऱ्यानं पाय पुढे करून दाखवला, जसा काही तो भोवऱ्यानं आजवर पाहिलाच नव्हता. "तूही घे की डॉक्टरचा कागद. माझ्या ओळखीचा आहे एक. तेव्हा कंबर गेली होती असं लिहून देईल."

"माझी कंबर शाबूत होती."

"कागदावर मोडू."

"नाही," भोवरा म्हणाला. "या अंगानं मला कधी दगा दिला नाही. त्याच्या नावानं मी खोटं बोलणार नाही."

"मग फिर गरगर. बायकोला सुई दिसेनाशी झालीय आणि याला अंगाचा मान!"

भोवरा दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत. तिसऱ्या दिवशीही. बाई त्याला दारात पाहिलं की मान हलवायच्या. तो काही मागायचा नाही, फक्त बाकाच्या कडेनं फेऱ्या घालायचा. शेवटी त्या त्रासल्या असतील, किंवा त्यांना खरंच वाईट वाटलं असेल. त्यांनी नियमांचं जाड बाड काढलं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून वाचायला लागल्या.

"काका, इकडे या. थांबा एका जागी. एक वाट आहे. साठ पूर्ण व्हायच्या आत माणूस परत चढला, बंदराबाहेर जाऊन दुसऱ्या बंदराला लागून परत आला, आणि या वेळी उतरताना कायमचा उतरतोय असं सांगून सही केली, तर मागची सेवा जिवंत होते. साठ कधी पूर्ण?"

"वर्ष संपताना."

"मग एक खेप. फक्त एक. जमेल?"

भोवऱ्याचे पाय थांबले होते. ते त्याच्या लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा बायकोनं मशीन बंद केलं नाही. उलट जोरात चालवलं.

"म्हणजे तुम्ही परत यावं म्हणून मी आधी तुम्हाला पाठवायचं?"

"एकच खेप आहे."

"तुमची एक खेप मला माहीत आहे. मुलगी रांगत होती तेव्हा एक खेप म्हणून गेलात, परत आलात तर ती पाटी घेऊन शाळेला निघाली होती. तिनं तुम्हाला विचारलं, कोण पाहिजे?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळी काही नाही. तिथे उभे राहिलात की तुम्ही माझे नसता." आता तिनं मशीन थांबवलं. "मला पेन्शनची भीती नाही, अहो. पेन्शन नाही मिळाली तर मुलीकडे जाईन, जावई काही वाईट नाही. मला भीती आहे ती तुम्ही परत 'रजेवर' म्हणाल त्याची. मग पुन्हा कोणीतरी बोलावील, आणि मी पुन्हा पाकिटं फळीवर ठेवीन."

तो खिडकीशी गेला, दाराशी गेला.

बंदराच्या डॉक्टरनं त्याला उठाबशा काढायला लावल्या. गुडघ्यानं असा आवाज केला की डॉक्टरनं कान टवकारले. "हे काय वाजतंय?"

"जुनं जहाज आहे, डॉक्टर. करकरतं, पण गळत नाही."

डॉक्टरनं पास केलं. किनाऱ्या-किनाऱ्यानं सिमेंट नेणाऱ्या एका बुटक्या जहाजाला एका खेपेपुरता हात हवा होता. भोवऱ्याला ते काम मिळालं.

निघायच्या सकाळी बायकोनं पिशवी भरून दिली. सगळ्यात वर तिनं कानाचा एक पितळी पेला ठेवला. घरात तसे दोन होते. लग्नात आलेले. एका पेल्याचा तळ जरा चेपलेला होता, तो तिचा. तिनं त्याला चांगला दिला.

"हा नको," भोवरा म्हणाला. "बंदरात पत्र्याचा मिळतो."

"हाच न्या. आणि हा परत आणायचा. जोडी आहे ती. तुमच्या हुकाला टांगून यायचं नाही."

तिला ती रीत माहीत होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं परत येताना पिशवीत पेला नसायचा, आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"येतो," तो म्हणाला.

"या. पण तिथे सांगून या."

सिमेंटच्या जहाजावर सगळं धूसर होतं. डेकवर पीठ सांडल्यासारखी पूड, दोर राखाडी, माणसांच्या भुवयाही राखाडी. मेट भोवऱ्याच्या जावयाच्या वयाचा होता आणि त्याला 'काका' म्हणत होता. माणसं कमी, यंत्रं जास्त. पण बंदराच्या तोंडावरचा शेवटचा दिवा मागे पडला, पहिल्या लाटेनं जहाजाला खालून हळूच उचललं, आणि भोवऱ्याच्या आत काहीतरी जागेवर बसलं. निसटलेलं दार चौकटीत बसावं तसं. पाळी संपवून तो बंकावर आडवा झाला आणि त्याला अशी झोप लागली, जशी गेल्या कित्येक वर्षांत घराच्या गादीवर लागली नव्हती.

पहाऱ्याला तो नाकाशी उभा राही. दोन्ही पाय फाकवून, हात मागे. एकही पाय हलत नव्हता. मेट दोनदा येऊन बघून गेला, हा माणूस उभ्यानं झोपलाय की काय म्हणून.

"काका, डावीकडे काय आहे?"

"मासेमारीची होडी. जाळं टाकलेलं आहे, जरा लांबून घ्या. त्याच्या पलीकडे अजून एक आहे, ती तुम्हाला आत्ता दिसायची नाही."

थोड्या वेळानं ती दिसली. मेटनं जहाज लांबून घेतलं आणि परत येऊन त्याच्याशेजारी उभा राहिला.

"तुमची साठी वर्षअखेरीला ना? मग एकच खेप कशाला? तोपर्यंत थांबा आमच्याकडे. वय भरून उतरा. तसंही पेन्शन मिळेलच, आणि काही सांगावंही लागणार नाही. कागद आपोआप होतो."

भोवऱ्यानं पाण्यावरची नजर काढली नाही. पण मागे बांधलेले त्याचे हात पुढे कठड्यावर आले. खरं होतं ते. वय भरून उतरला तर कोणी काही विचारणार नाही. तो शब्द बोलायलाच नको. अजून काही महिने ही झोप, हे थांबलेले पाय. बायकोला निरोप धाडता येईल. नियमानंच तशी सोय केली आहे, असं सांगता येईल. आणि त्यात काहीच खोटं नसेल.

दुसऱ्या बंदराला पोती उतरली. परतीच्या वाटेवर वारा समोरून होता, जहाज डुलत होतं, आणि भोवऱ्याची झोप उडाली. बंकाशेजारी हुकाला पितळी पेला लटकत होता. जहाज कलंडलं की तो भिंतीला लागून वाजे. टण. मग दुसऱ्या बाजूला. टण. त्याची जोडी घरी मोरीवरच्या फळीवर होती. इकडचा वाजला की तिकडचाही वाजत असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि मग तो पाळी नसताना उठून डेकवर फेऱ्या घालायला लागला. नाकापासून शेपटापर्यंत, शेपटापासून नाकापर्यंत. पाण्यावर असताना पाय हलण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

बंदरात जहाज धक्क्याला लागलं. जेवणाच्या खोलीत मेट कागद घेऊन बसला. उतरणारे रांगेत उभे.

"रजेवर की कायमचा?"

"रजेवर."

"तू?"

"रजेवर." या दुसऱ्यानं गावी पिठाची गिरणी घेतली होती आणि पेढीवाल्यासारखा सगळ्यांना पत्ता वाटत होता. कोणी हसलं नाही.

"काका, तुम्ही? की थांबताय?"

भोवऱ्यानं तोंड उघडलं. जिभेवर जुना शब्द तयारच होता, पायरीवर पाय ठेवून. त्यानं हाताकडे पाहिलं. पिशवी होती. पेला नव्हता. पिशवी भरताना हातांनी आपली सवय पाळली होती. पेला खाली हुकालाच राहिला होता.

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि रांग सोडून जिन्यानं खाली उतरला. परत आला तेव्हा पितळी पेल्याच्या कानात बोट अडकवलेलं होतं. तो त्यानं मेटच्या कागदाशेजारी टेबलावर ठेवला. म्हातारा इंजिनवाला दाराशी उभा होता. त्यानं ते पाहिलं आणि दाराला टेकलेली पाठ सरळ केली. त्याला कळलं होतं.

मेटला कळलं नाही. "चहा हवाय का? काका, तोंडानं सांगावं लागतं. नियम आहे."

"कायमचा," भोवरा म्हणाला.

आवाज त्याला वाटला होता तेवढा मोठा आला नाही. पण इंजिनवाल्यानं दाराच्या लोखंडी चौकटीला हात लावला. गिरणीवाल्यानं खांबाला. एकेक करून सगळ्यांनी लावला. मेट सगळ्यांकडे पाहत राहिला, आणि मग त्यानंही टेबलाचा लोखंडी पाय धरला. भोवऱ्यानं सही केली.

कारकूनबाईंनी तो कागद पाहिला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालात एकदाचे निवृत्त." त्यानं हात जोडले आणि निघाला. बाक तसाच रिकामा राहिला.

घरी मशीन चालू होतं. त्याला पाहून बायकोचे पाय पायपट्टीवर थांबले, मान मात्र खालीच.

"पेला?"

त्यानं काढून दिला. तिनं तो हुंगला. "डिझेलचा वास येतोय."

"घासल्यावर जाईल."

"आणि काय सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"सांगायचं होतं ते. शिक्का बसला. तुझंही नाव आहे त्याच्यात."

"मला ऐकायचंय," ती म्हणाली.

तो खिडकी आणि दार यांच्या मध्ये उभा होता. तिथे धरायला काही नव्हतं. जहाजावर सांगणं त्याला सोपं गेलं होतं असं आता वाटलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्या हातातल्या पेल्याकडे.

"कायमचा उतरलो."

लोखंडाला हात लावायची रीत तिला माहीत होती की नाही, कोण जाणे. पण तिचा दुसरा हात मशीनच्या लोखंडी चाकावर होताच, आणि तो तिनं काढला नाही. मग तिनं सुई वर धरली. त्यानं दोरा ओवून दिला.

"आता तरी बसा," ती म्हणाली.

"बसतो," तो म्हणाला, आणि दाराकडे चालायला लागला.